भाऊजींचं मीठ

मंगळवार, ३ तारीख

ही वही हॉटेलातली आहे. बावीस वर्षं मी तिथल्या धुलाईखान्यात डागांच्या टेबलाशी उभी राहिले आणि नोकरी सोडताना एक कोरं रजिस्टर पिशवीत टाकून आणलं. चोरी म्हणा हवं तर. त्यात रकाने छापलेले आहेत: कपडा, डाग, उपाय, निकाल. मी रकान्यांवरून आडवं लिहिणार. घरात दोन पुरुष आहेत. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही. मग दिवसभर मनात साठलेलं मी कुठे ओतायचं?

न बोलणारे ते आमचे हे. बोटींची इंजिनं दुरुस्त करतात आणि घरी आले की इंजिनासारखेच गार पडतात. बोलता न येणारे ते भाऊजी, यांचे थोरले भाऊ. धक्क्यालगतच्या शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं बोटींची शिडं धुतली. बुरशी, गंज, तेल, डांबर, पक्ष्यांची घाण, सगळं काढायचे. लग्न केलं नाही, हाताखाली माणूस ठेवला नाही, कागदावर अक्षर लिहून ठेवलं नाही. चार महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, लिहायला बसवलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघा उमटतात. शब्द एकच उरला. मीठ.

सकाळी मीठ, दुपारी मीठ, ताटावर बसले की मीठ. आणि डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलंय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, चिमूटभरसुद्धा वरून घालायचं नाही म्हणाले.

शेड बंद पडू द्यायची नाही असं मी ठरवलं. हे म्हणाले, "तुला जमेल?" डाग तो डाग. मी राजीनामा दिला. आजपासून शेड माझी.

गुरुवार, ५ तारीख

पहिलं शीड धुऊन झालं. मोठं होतं, शेडची अर्धी लाकडी जमीन त्यानेच व्यापली. खालच्या कडेला हिरवट बुरशी, मधे गंजाचे दोन ठिपके. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, बुरशीवर पातळ ब्लीच आणि भरपूर पाणी. गंजाला निराळं औषध, तेही ब्लीच पूर्ण धुऊन गेल्यावरच. ही दोन औषधं एकत्र आली की छातीत भरणारा वायू सुटतो, हे मला कोणी शिकवायला नको. शीड दोरीवर निथळत टाकलं तेव्हा शेडमध्ये उजेड पडल्यासारखं वाटलं.

भाऊजी दिवसभर खुर्चीत बसून बघत होते. कौतुक तर सोडाच. शीड उलगडल्या उलगडल्या उठले, पाय ओढत आले, डाव्या हाताने शिडाच्या शिवणीतला सुटलेला धागा उपटला आणि "मीठ" म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, जेवायला वेळ आहे अजून." त्यांनी मान झटकली आणि तोंड फिरवून बसले.

खिडकीत त्यांची एक काचेची बरणी आहे. आत गढूळ पाणी, तळाशी मिठाचा थर, वर कसले तरी धागे तरंगताहेत. आजारपणाच्या आधीपासूनची असावी. वास येत होता. मी ती ओतली आणि लख्ख घासून ठेवली. भाऊजी रिकाम्या बरणीकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांचं पाळलेलं मांजर हाकललं.

सोमवार, ९ तारीख

आज घरात रामायण घडलं. मिठाचा डबा रिकामा! मी शेडमध्ये धावत गेले, तर भाऊजी बरणीत मुठीने मीठ घालून काठीने ढवळताहेत. घालताहेत, ढवळताहेत, तळाला जाड थर बसला तरी समाधान नाही. मग कुठल्याशा शिडाचा धागा काढला, साबणाच्या थेंबात बोटांनी चोळचोळ चोळला आणि पाण्यात सोडला. तो खाली गेला. दुसरा धागा सोडला, तो वरच राहिला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा, की मी टाळ्या वाजवायला हव्यात.

माझा तोल गेला. "लहान मूल आहात का? ते पाणी प्यायलात तर काय होईल?" असं मी लोकांदेखत ओरडले. बरणी ओतून टाकली. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्याचा विरंगुळा असेल." विरंगुळ्याने दुसरा झटका आला म्हणजे कोण निस्तरणार? मी मिठाचा डबा पुन्हा भरला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्यावर परिणाम हळूहळू दिसेल. दिसायला लागला म्हणायचा.

बुधवार, ११ तारीख

आज दातवाल्या बाई आल्या. पासष्टीच्या असतील, जन्मभर लोकांचे दात उपटले, आता एकट्या बोट घेऊन समुद्रात निघाल्यात. पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत सहा-सात दिवस. मी विचारलं, "एकट्या कशाला जाता?" तर म्हणाल्या, "दोघांनी जायचं ठरलं होतं. तो आधीच पुढे गेला." मग हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना.

त्यांच्या पिशवीतून निघालेलं शीड चादरीएवढंच, पण कापड जाडजूड. बाई म्हणाल्या, "हे वादळातलं शीड. बाकी सगळी उतरवायची आणि एवढं एकच चढवायचं. हे असलं तर बोट वाऱ्याला तोंड देऊन उभी राहते, नाही तर लाटा तिला आडवी पाडतात. देव करो आणि काढायची वेळ न येवो." आठ वर्षं ते ओलंच पिशवीत पडलं होतं. असली बुरशी मी हॉटेलात पाहिली नाही: काळे, जांभळट, खोल गेलेले डाग.

तीन कोपरे, तीन स्टीलच्या कड्या. प्रत्येक कडी कापडाला धरून ठेवणारा हातभर लांबीचा जाड पट्टा. पट्ट्यांवर बोट फिरवत बाई म्हणाल्या, "हे त्यानेच शिवलेत. जुने कुजले होते, घरात सामानाचे पट्टे पडले होते ते लावले. त्याचे टाके तेवढे सांभाळा."

वीस तारखेला निघणार आहेत. मी म्हटलं, कोरं करकरीत करून देते.

गुरुवार, १२ तारीख

साबणाने काही होईना. पातळ ब्लीचनेही डाग फक्त तपकिरी झाले. कापड पॉलिएस्टरचं आहे, ब्लीचने त्याचं काही बिघडत नाही. हॉटेलातले टेबलावरचे कपडे असेच होते. म्हणून मी प्रमाण दुप्पट केलं आणि अख्खं शीड हौदात बुडवलं, कोपऱ्यांसकट, कारण सगळ्यात जास्त काळं पट्ट्यांवरच होतं.

भाऊजी हौदाशी आले आणि माझी बाही धरली. पट्टा वर काढून माझ्या नाकासमोर धरला. "मीठ," म्हणाले. "मीठ, मीठ." थुंकी उडत होती. मी पट्टा त्यांच्या हातातून काढून घेतला. खरं सांगायचं तर मला वाईट नाही वाटलं, राग आला. चाळीस वर्षं ज्या हौदावर आपलं राज्य होतं तिथे भावाची बायको हात घालते, हे त्यांना सोसत नाही. समजतं मला. पण मी कुणाच्या मेहेरबानीवर आले नाही इथे.

शनिवार, १४ तारीख

आज तिसऱ्यांदा शीड भिजत घातलं आणि भाऊजींनी ब्लीचची बादली लाथ मारून उलथवली. चुकून नव्हे. माझ्या डोळ्यांत बघत.

मी त्यांना दंडाला धरून घरात नेलं आणि बाहेरून कडी लावली. दुपारभर. आतून दार वाजत होतं, मग वाजायचं थांबलं. जेवण घेऊन गेले तर दाराशीच जमिनीवर बसलेले. उठवताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून पांढऱ्या पट्ट्याचा एक तुकडा पडला. बाईंच्या शिडाच्या पट्ट्याचं टोक होतं, दुमडीच्या आतलं, टाक्यांना धक्का न लावता कापलेलं. त्यांनी तो उचलला आणि परत खिशात ठेवला.

कडी लावायला नको होती. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला सोयीचं आठवणार नाही.

डाग मात्र गेले. शीड दुधासारखं पांढरं झालंय.

मंगळवार, १७ तारीख

भाऊजी सकाळी दिसेनात. हे धक्क्याच्या पायऱ्यांवरून त्यांना घेऊन आले, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, काखेत बरणी. बरणीत समुद्राचं पाणी. खिडकीशी बसून त्यात धागे सोडत राहिले. पहिला बुडाला. दुसरा बुडाला. खिशातल्या पट्ट्याचा एक धागा ओढून टाकला, तोही बुडाला. बरणी हलवून बघितली, पुन्हा टाकले. सगळे तळाला.

मग ते रडले. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. हे त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मी उगाचच हौद घासत बसले. माणसाची बुद्धी अशी डोळ्यांदेखत विझताना बघवत नाही.

गुरुवार, १९ तारीख

संताप आणि लाज, दोन्ही एकदम.

दातवाल्या बाई शीड न्यायला आल्या. मी अभिमानाने पिशवी उघडली, तर तिन्ही कोपऱ्यांना काळी, मेण लावलेली दोरी गुंडाळलेली! वेडीवाकडी, गाठींवर गाठी. कापडाच्या जाड कोपऱ्यात दाभणाने भोकं पाडून दोरी कडीतून आरपार ओढलेली. भाऊजींचं काम, दुसरं कोणाचं? एका हाताने, गुडघ्याखाली दाबून, दातांनी गाठी ओढून. मी दुपारी बाजारात गेले होते तेवढ्यात केलं असणार. पांढऱ्याशुभ्र शिडावर रक्ताचा ठिपकाही होता.

मी बाईंसमोरच कात्री घेतली. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. भक्कम तरी दिसतंय." मी म्हटलं, "माझ्या हातून असलं काम बाहेर जात नाही." तिन्ही कोपरे कापून मोकळे केले. रक्ताचा ठिपका थंड पाण्याने काढला. भोकं राहिली, ती दिसत होती म्हणून माफी मागितली. बाई वाकून प्रत्येक भोकाकडे निरखून बघत होत्या, दात बघतात तशा. म्हणाल्या, "एका हाताने केलंय हे?"

भाऊजी खुर्चीतून उठले नाहीत. "मीठ"सुद्धा म्हणाले नाहीत.

शुक्रवार, २० तारीख

बाई पहाटेच गेल्या म्हणे. धक्क्यावरची त्यांची जागा रिकामी आहे.

शनिवार, २१ तारीख

आजचं सगळं क्रमाने लिहून काढते.

आज रंगीत शीड आलं. लाल-निळं, ओढणीसारखं पातळ, एका कडेला बुरशीची नक्षी. सवयीने कडेवर ब्लीचचा बोळा ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. तासाभराने बघितलं तर कापड पिवळं पडलेलं. चोळायला गेले तर नखाखाली फाटलं. जोर न लावता. भिजलेल्या कागदासारखं.

मी तशीच उभी राहिले. भाऊजी खुर्चीत होते. माझ्याकडे बघत नव्हते, त्या फाटक्या कडेकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य नव्हतं. त्यांना माहीत होतं.

गळ्यातली किल्ली काढली. घरात जाऊन मिठाचा डबा आणला, नवा पुडाही आणला, आणि बरणीत पाणी भरून त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊजी, दाखवा मला," म्हटलं.

त्यांनी मीठ घातलं. ढवळलं, पुन्हा घातलं, आणखी विरघळेना तोवर. मग दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या शिडाकडे बोट दाखवलं. मी त्याचा एक धागा आणून दिला. त्यांनी साबणात चोळून त्याच्यातली हवा काढली आणि पाण्यात सोडला. तळाला गेला. भाऊजींनी ब्लीचच्या कॅनकडे बोट करून मान डोलावली: चालेल. मग रंगीत शिडाचा धागा. तो वर आला आणि वरच राहिला. कॅनकडे बोट, आणि मान जोरात नाही, नाही, नाही. नायलॉन. पॉलिएस्टर बुडतं आणि नायलॉन तरंगतं, पण मिठाने पाणी जड केलं तरच. साध्या पाण्यात नाही. समुद्राच्या पाण्यातसुद्धा नाही.

मग त्यांनी खिशातून तो पट्ट्याचा तुकडा काढला. मला सोडायला लावला धागा. मी चोळला, सोडला, आणि मनात म्हणत होते, बुड. बुड रे बाबा.

तो तरंगला.

तुकडा दोन्ही हातांत धरून ओढला. ज्या पट्ट्याला बोट टांगता आली असती तो माझ्या हातात तुटला. तीन वेळा भिजवला होता मी. दुप्पट ब्लीचमध्ये. आणि भाऊजींनी जी दोरी बांधून चूक सावरली होती, ती मी कात्रीने कापली. बाईंच्या समोर. दिमाखात.

हे दुपारी जेवायला आले तेव्हा सगळं सांगितलं. सोमवारी मोठं वारं येणार असं बंदराच्या फळ्यावर लिहिलंय म्हणाले. मग म्हणाले, "कदाचित ते शीड काढावंच लागणार नाही तिला. आणि तू बोललीस, तर शेडमध्ये पुन्हा कोणी चिंधीसुद्धा धुवायला टाकणार नाही. त्याची चाळीस वर्षं पाण्यात." एवढं लांब वाक्य ते वर्षात बोलले नसतील.

मला मोह झाला. खोटं कशाला लिहू? तीन घास मी त्याच मोहात खाल्ले. मग भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या तळहाताला दाभणाची जखम होती, अजून ओली. मी पाच दिवसांत ती पुसलीसुद्धा नव्हती. नाही, पाच कुठले, दोनच झाले. पण वाटतात पाच.

उठले आणि बंदरकचेरीत गेले. रेडिओवाला चांगला माणूस. म्हणाला, "दीड दिवस झाला, आमच्या टप्प्याबाहेर गेल्या त्या. त्या वाटेवर एक मालवाहू जहाज आहे, त्यांना सांगतो पुढे सांगायला. बाईंचा सेट लहान आहे, त्यांना ऐकू येईल, पण उत्तर आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही. निरोप लिहून द्या, थोडक्यात."

मी लिहिलं: वादळी शिडाच्या कोपऱ्यांतले पट्टे धुताना निकामी झाले आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. कड्या कापडालाच दोरीने बांधून घ्या. चूक धुणाऱ्याची आहे.

त्याने वाचलं. "हे सगळ्या बोटींना ऐकू जाणार बरं का. शेडचं नाव घालू की नको?"

मी म्हटलं, "घाला. माझ्याकडे धुतलेली आणखी दहा शिडं बाहेर आहेत. त्यांनाही कळलं पाहिजे."

रविवार, २२ तारीख

जहाजाने निरोप चार वेळा दिला. उत्तर नाही.

भाऊजींच्या हाताला मलम लावलं. पट्टी बांधताना म्हटलं, "दाभण गंजलेलं नव्हतं ना?" चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला हा प्रश्न! त्यांनी हात काढून घेतला नाही, एवढंच.

सोमवार, २३ तारीख

वारा सुटला. शेडचे पत्रे धडधडताहेत. धक्क्यावरच्या बोटी दोर ताणून कण्हताहेत. बंदरकचेरीत तीनदा गेले, तिसऱ्यांदा रेडिओवाल्याने मला बघूनच मान हलवली.

मंगळवार, २४ तारीख

वारा तसाच.

लोक शिडं घेऊन यायला लागले. काही घुश्शात, काही नुसते गप्प. एक जण म्हणाला, "तरी म्हटलं, तुमच्या भाऊजींचा हात नाही तिथे कशाला द्यायचं." मी ऐकून घेतलं. भाऊजी बरणी घेऊन टेबलाशी बसले, मी धागे काढून देत गेले. रंगीत शिडाचा मालक सगळ्यात शांत होता, त्याला नवं कापड लावून देणार आहे मी. दहातली आठ शिडं नीट आहेत. एकाचा कडेचा पट्टा गेलाय, एकाची पिशवी. पिशवीच ती, कोणी मरणार नाही. तरी मी मालकाला सांगितलं.

जेवण जात नाही. "तो आधीच पुढे गेला" म्हणून बाई हसल्या होत्या, ते हसणं डोळ्यांपुढून हलत नाही. मी त्यांना मारलं असेल तर? मी डाग काढायला गेले आणि माणूस पुसून टाकला असेल तर? भाऊजी माझ्या ताटाकडे बघत होते. त्यांनी आपल्या ताटातला घास तसाच ठेवला.

बुधवार, २५ तारीख

वारा उतरला. बातमी नाही. हे कामाला गेले नाहीत, रेडिओवाल्याकडे बसून राहिले. मी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, २६ तारीख

फोन दुपारी आला. हे धावत बोलवायला आले, चपला न घालता. मी बंदरकचेरीपर्यंत कशी गेले ते आठवत नाही.

पलीकडून खरखर, मग आवाज. "शीडवाल्या बाई?"

मी "हो" म्हटलं.

"पोचले मी. पट्टे गेले हो तुमचे. पहिल्या तासातच, तिन्ही. लोण्यासारखे."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आधी ऐका. निरोप ऐकला मी, रविवारी. वारा यायला वेळ होता, पण त्या जाड कोपऱ्यातून सुई घालायला माझ्याकडे ना दाभण ना तेवढा जोर. हातच टेकले होते. मग भोकं दिसली. तुमच्या भाऊजींची. दोरी कशी गेली होती ते मी नीट पाहून ठेवलं होतं, तुम्ही कापत होतात तेव्हा. त्याच भोकांतून तशीच ओवली. दोन दिवस आणि एक रात्र धरून राहिली बोट."

मग बाई म्हणाल्या, "त्याचे टाके गेले याचं वाईट वाटलं. रागही आला तुमचा, खोटं नाही बोलणार. पण निरोप पाठवलात. त्यांना सांगा, एका हाताचं काम मी आयुष्यात इतकं चांगलं पाहिलं नाही."

शेडमध्ये येऊन भाऊजींना शब्दन्‌शब्द सांगितलं. खाली त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, कडी लावल्याचंही बोलले, बरणी दोनदा ओतल्याचंही. माफी मागितली. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरा जडच पडला, आणि मग उठून हौदातलं पाणी सोडून दिलं, कारण ते चार दिवसांचं शिळं झालं होतं.

सोमवार, ३० तारीख

आज नवीन शीड आलं. एकच. पण आलं. मी धागा काढला, भाऊजींच्या बरणीत सोडला, बुडाला. तरी दुसरा पट्ट्याचा काढला, तिसरा शिवणीच्या दोऱ्याचा. भाऊजी खुर्चीतून बघत होते आणि तिसऱ्या धाग्याला त्यांनी मान डोलावली. रजिस्टरमधल्या रकान्यांत आज पहिल्यांदा काही भरलं: कपडा, डाग, उपाय. निकालाचा रकाना शीड परत वापरून आल्यावर भरायचा असं ठरवलंय.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसलो. भाऊजींनी एक घास खाल्ला, थांबले आणि म्हणाले, "मीठ."

मी ताडकन उठले, खिडकीतली बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली, वर धागा कापायला कात्रीसुद्धा. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हळूच बरणी बाजूला सरकवली आणि बोट ताटावर टेकवलं.

"मीठ," म्हणाले.

हे हसले. मी यांना लग्नात हसताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच. माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं आणि डॉक्टरांना न विचारता त्यांच्या ताटात चिमूटभर वाढलं.